घरचा घास

१

साहिलचं काम असं होतं, की पाहुण्यारावळ्यांत ते सांगायची त्याला लाज वाटायची. कोणी विचारलंच, तर "सर्वेचं काम आहे" एवढं म्हणायचा आणि चहाच्या कपात बघत राहायचा. संध्याकाळी घरोघर निळ्या झाकणाच्या बाटल्या वाटायच्या, घरात माणसं जितकी तितक्या. सकाळी त्या भरलेल्या बाटल्या गोळा करून बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि दहाच्या आत वर्ध्याला प्रयोगशाळेत पोचवायच्या. बाटलीवरच्या पट्टीवर नाव आणि शौचाची वेळ घरच्यांनी लिहायची. कोणाच्या पोटात काय राहतं, त्यानं कोण आजारी पडतं आणि कोण पडत नाही, हे त्या पाहणीला हवं होतं.

बायका बाटली पदराखाली लपवून आणायच्या आणि तोंड फिरवून द्यायच्या. साहिलही तोंड फिरवूनच घ्यायचा. दोन वर्षं झाली, त्यानं एकही बाटली फोडली नव्हती, की एकही पट्टी चुकवली नव्हती. बाप पोटाच्या दुखण्यानं दीड वर्ष खाटेवर पडून गेला, आणि त्याच दीड वर्षात साहिलची शाळा नववीत सुटली. त्यामुळं हे काम इतरांना किळसवाणं वाटलं तरी त्याला तसं वाटत नसे.

नाचणगावच्या पुढं, शिवेकडच्या वावरात रूपरावांचं घर होतं. भाजीपाल्याची शेती. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. पुलगावच्या बाजारात रोज माल. पहिल्या पावसाळ्यात त्या भागात घरोघर जुलाब लागले होते. सलाईन लावून लावून माणसं पिवळी पडली. रूपरावांच्या घरात मात्र तिघांपैकी कोणालाच साधी मळमळही नव्हती. बाटल्यांत जंतू निघाला होता, तिघांच्याही. पण माणसं ठणठणीत.

बहिणीसाठी, अंकितासाठी, स्थळ बघायची वेळ आली तेव्हा साहिलच्या डोळ्यांपुढं तेच घर आलं. लोक पोराची शेती बघतात, नोकरी बघतात. साहिल आईला म्हणाला, "आई, त्या घरात कोनी बिमारच पडत नाई."

गोपिकाबाईंनी नवऱ्याच्या फोटोकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग अजून काय पायजे?"

मे महिन्यात लग्न झालं. रूपरावांच्या घरात चार बाटल्या द्यायच्या झाल्या.

२

कार्तिकातली सकाळ होती. ओट्यावर चारही बाटल्या ओळीनं ठेवलेल्या. पट्ट्यांवर अंकिताच्या नवऱ्याचं, मुकेशचं, अक्षर. रूपराव, पाच चाळीस. रुख्माबाई, पाच चाळीस. मुकेश, पाच चाळीस. अंकिता, पाच चाळीस.

साहिलनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि लाजत लाजत म्हणाला, "जवाईबुवा, टाइम ज्याचा त्याचा लिहाचा असते."

"ज्याचा त्याचाच लिवला ना."

"चौघाईचा एकच?"

मुकेश हसला. "काय साळेबुवा, आता हेबी मास्तरासारखं तपासता का? लागली एकाच टायमाले, तं काय करू? वावर मोठं हाय, चार कोपरे हायेत. संडासात तं युरियाचे पोते हायेत."

साहिलही हसला. घड्याळ बघून कोण जातं? आळसानं लिहिलं असेल. पण गाडीला किक मारताना त्याला आठवलं, की मागच्या तीन महिन्यांतही त्या घरच्या वेळा सारख्याच होत्या. फक्त अंकिताची वेगळी असायची. आधी साडेसात, मग पावणेसात, मग सहा.

माहेरी अंकिता सकाळी अशी आत जाऊन बसायची, की बाहेर आई पत्र्याचं दार बडवायची. "झोपली का व आतच?" आतून आवाज यायचा, "गानं म्हनून राह्यली!" त्या अंकिताला कोणी पहाटे पाच चाळीसला उठवलं असेल, हे काही केल्या त्याच्या गळी उतरेना.

३

दोन आठवड्यांनी प्रयोगशाळेतल्या समीक्षा मॅडमनी त्याला आत बोलावलं. मॅडम अमरावतीच्या, वयानं त्याच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, बोलायला मोकळ्या.

"साहिल, खरं सांग. रागावणार नाही. ह्या चार बाटल्या एकाच माणसाच्या आहेत ना?"

त्याचे कान तापले. असं गावात चालायचं. म्हातारी लाजते, सून लाजते, मग घरातलं एखादं निर्लज्ज कार्टं सगळ्यांच्या नावानं बाटल्या भरून देतं.

"नाई मॅडम. माझी बहीन आहे त्या घरात. ती खोटं नाई करनार."

"जुलाबाचा तो अमीबा निम्म्या गावात आहे, तो प्रश्न नाही. पण त्याच्या सोबतीला आतड्यात जे बाकीचे जंतू राहतात ना, ते माणसागणिक वेगळे असतात. बोटांच्या ठशासारखे. ह्या चौघांत काडीचा फरक नाही. मशीननं हे एकच माणूस धरलंय." त्यांनी कागद उलटला. "आणि तुझी बहीण जूनमध्ये साफ होती. अमीबाही नव्हता. तेव्हाचे तिचे जंतूही हे नव्हेत. ते सगळे गेले कुठं?"

साहिल त्या कागदावर वाकून बघू लागला. त्याचं तोंड बघून त्यांनी आजच आलेल्या त्या घरच्या बाटल्यांतलं सूक्ष्मदर्शकावर लावून दाखवलं. काचेसारखा एक जीव. अंगातूनच एक पाय काढायचा आणि मग सगळं अंग त्या पायात ओतायचा. डावीकडं सरकत होता. त्यांनी दुसरी काच लावली, तिसरी लावली, चौथी. चारही काचांवर जे दिसलं ते डावीकडंच सरकत होतं.

"टेबल तिरपं असेल," समीक्षा मॅडम म्हणाल्या.

साहिलनं धीर करून विचारलं, "मॅडम, हा वाईट केव्हा होते?"

बाटल्या आणणाऱ्या माणसानं असं काही विचारावं, याचा त्यांना आनंद झाला. "तेच तर बघतोय आपण. हाच जीव एकाच्या पोटात जन्मभर गुमान राहतो. दुसऱ्याच्या आतड्याला भोक पाडतो, यकृतात जाऊन पू करतो. जिवंत पेशीचे लचके तोडतो. का, ते पुरतं कोणालाच सांगता येत नाही. पण शेजार बघावा लागतो. तो राहतो कोणाबरोबर, त्याला खायला काय मिळतं, आतड्यावरचा बुळबुळीत थर शाबूत आहे की नाही. शेजार बरा असला, की बसतो शांत. शेजार मोडला, की भिंतीला तोंड लावतो."

"मंग त्या घरचा शेजार चांगला आहे."

"फारच चांगला आहे," समीक्षा मॅडम म्हणाल्या, आणि पुन्हा त्या चार कागदांकडं बघू लागल्या. "इतका चांगला मी पाहिलेला नाही."

४

रविवारी दुपारी तो बहिणीला भेटायचं निमित्त करून गेला. रुख्माबाईंनी जेवायला बसवलंच. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती; वर टिनाचे पत्रे, खाली शहाबादी फरशी, उजेड दारातून येईल तेवढाच. भिंतीला पाठ लावून चौघं ओळीनं बसले. साहिलचं ताट समोर, दाराजवळ.

भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. साहिल घास मोडणार, तेवढ्यात त्यानं पाहिलं, की कोणीच जेवत नाही. चौघांनी आपापल्या ताटातला पहिला घास काढून रुख्माबाईंच्या पुढ्यातल्या पितळी वाटीत टाकला. त्यांनी तो बोटांनी कालवला, चार गोळे केले आणि एकेकाच्या तोंडात भरवले. आधी नवऱ्याच्या, मग स्वतःच्या, मग मुकेशच्या. अंकितानं हात जवळ यायच्या आधीच तोंड उघडलं होतं.

"हे काय, काकूजी?"

"घरचा घास. आमच्या घरची रीत हाय, बापू. माह्या सासूनं मले देल्ला, तिच्या सासूनं तिले."

साहिलला चौघांमधून आपण वेगळं पडल्यासारखं झालं. संकोचानं तो म्हणाला, "मलेबी द्या मंग."

"तुमाले नाई चालत. हा घरच्याईचाच."

घास गिळून चौघं खाली मान घालून बसले. आणि मग आवाज आला. रूपरावांच्या पोटातून, रबरी नळीतून पाणी उतरावं तसा, लांबट. तो थांबला आणि रुख्माबाईंच्या पोटातून तसाच आला. मग मुकेशच्या. मग अंकिताच्या. क्षणभर शांतता. पुन्हा रूपरावांपासून.

शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे, तसं ते ओळीनं चाललं होतं. कोणी हसलं नाही, कोणी पोट दाबलं नाही. तीन फेऱ्या झाल्या तेव्हा रूपराव म्हणाले, "हं. जेवा."

भुकेल्या माणसाचं पोट वाजतं, साहिलनं स्वतःला समजावलं. चार भुकेली माणसं जवळ बसली, की चार पोटं वाजणार. त्याचंही वाजतं कधी कधी. पण पानावर बसल्यापासून त्याचं पोट एकदाही वाजलं नव्हतं. ते आत चोरासारखं दबून बसलं होतं.

जेवण झाल्यावर सुपारी कातरत रुख्माबाई सहज बोलल्या. "आमची काजल होती ना, मुकेशची मोठी बहीन. कारंजा घाडग्याले देल्ली होती. इथं होती तवा एक दिवस पोट नाई दुखलं तिचं. तिकडं गेली, आन महिन्याच्या आत गेली. डाक्टर म्हने पोटात पू झाला."

"दुसऱ्या घरी ठेवाले नाई पायजे होतं," रूपराव म्हणाले. "मी म्हनलो होतो. पन लोकाईची रीत."

अंकिता खरकटी ताटं उचलत होती. तिनं वर पाहिलं नाही.

५

अंकिता विहिरीजवळच्या टाक्यावर मेथीच्या जुड्या धूत होती. साहिल दगडावर बसला. चारी बाजूंना हिरवं वावर, ऊन कललेलं, दूर पुलगावकडून गाडीची शिट्टी. अशा उजेडात माणसाला वाटावं, की आपण उगाच भितो.

"कशी हायेस?"

"बरी हावो आमी."

"आमी नाई. तू."

ती जुडी झटकत थांबली, जणू काही त्यानं अवघड गणित घातलं होतं. "बरीच हावो ना, दादा."

"हे घासाचं तू काऊन नाई सांगितलं मले?"

"काय सांगाचं त्यात? पयल्या दिवशी उलटी झाली. मंग पंधरा दिवस पोट दुखलं, लय दुखलं. मंग थांबलं." ती हसली. हसणं तिचं होतं, म्हणून साहिलला धीर आला. "आता तं सर्दीबी नाई होत."

"चार दिवस माहेरी चाल. आई आठोन काढून राह्यली."

"इचारतो."

साहिलला वाटलं, ती आत सासूकडं जाईल. ती गेली नाही. तिनं ओला हात बेंबीच्या खाली ठेवला आणि डोळे अर्धे मिटून उभी राहिली. टाक्यातलं पाणी हलायचं थांबेपर्यंत ती तशीच होती.

"नाई म्हनते," ती म्हणाली.

"कोन नाई म्हनते?"

अंकितानं डोळे उघडले. तिला स्वतःलाच ते कळलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला, पडून गुडघा फुटल्यावर रडू की नको असा विचार करणारा. तिनं ओल्या हातानंच त्याचं मनगट धरलं.

"दादा," ती हळू म्हणाली, "मले ने. पन सांगू नको. मलेबी सांगू नको."

६

साहिलनं घासाचं सांगितलं, तेव्हा समीक्षा मॅडम म्हणाल्या, त्यात अवघड काही नाही. अमीबावर गोळ्या आहेत, स्वस्तातल्या. त्या घरच्या तिघांनी गोळ्या घ्यायला दोन वर्षांपूर्वीच नकार लिहून दिला होता. अंकितानं दिलेला नव्हता. "घरी आण, दहा दिवस गोळ्या दे. आणि ते एकमेकांच्या हातचं उष्टं खाणं आधी बंद कर. काही वाटलं तर मला फोन कर, कधीही."

बुधवारी साहिल गेला आणि आयुष्यातलं पहिलं धडधडीत खोटं बोलला. आईचा पाय मुरगळला, घरात पाणी भरायला कोणी नाही. मान वर करून बोलायचं धाडस त्याला झालं नाही. वाटलं होतं, भांडण होईल. झालं नाही.

"ने ना, बाप्पा," रूपराव म्हणाले. "पन तिसऱ्या दिवशी आनजो."

"पाय बरा झाला की..."

"तिसऱ्या दिवशी."

रुख्माबाईंनी स्टीलचा छोटा डबा दिला. आत कालवलेल्या भाकरीचे गोळे होते. "रोज एक. जेवाच्या अगुदर. इसरजो नको, बापू." निघताना तिघंही ओट्यावर आले. निरोप देताना माणसं तोंडाकडं बघतात. हे तिघं अंकिताच्या पोटाकडं बघत होते.

वाटेत एका नाल्याच्या पुलावर साहिलनं गाडी थांबवली. अंकिता मागं बसल्या बसल्या पेंगत होती. त्यानं डबा उघडला. आंबूस वास आला. मॅडमनी सांगितलं होतं, उष्टं बंद. त्यानं गोळे पाण्यात टाकले आणि डबा चांगला तीनदा विसळून घेतला. आपण बहिणीसाठी काही नीट करतोय, असं त्याला फार दिवसांनी वाटलं.

७

पहिला दिवस चांगला गेला. अंकितानं आंजीला माहेरच्या घरात पाऊल टाकलं आणि भजी मागितली. आईचा पाय धडधाकट बघून "खोटारडा!" म्हणून साहिलच्या पाठीत धपाटा घातला. गोळी घेतली, दुपारभर झोपली. उठून शेजारच्या पोरीशी पत्त्यांत लबाडी केली. गोपिकाबाई म्हणाल्या, "पाय, कशी खुलली माही पोरगी. तू तं उगाच तोंड पाडून बसला होता."

दुसऱ्या दिवशी पहाटे साहिलला जाग आली. अंकिता अंगणात उभी होती, मेथी धुताना उभी होती तशीच, हात पोटावर ठेवून. घड्याळात पाच चाळीस झाले होते.

दुपारी तिच्या पोटातून तो आवाज आला. एकदा. मग थांबला. साहिल समोर डाळ निवडत बसला होता. त्याची बोटं थांबली. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा. पुन्हा थांबला.

"ग्यास असन," गोपिकाबाई म्हणाल्या. "ओवा देतो."

पण साहिलनं ती थांबण्याची वेळ मनात मोजली होती. तीन पोटं वाजायला जितका वेळ लागतो तितका वेळ तो आवाज थांबत होता. ते पोट हाक मारत होतं आणि उत्तराची वाट बघत होतं. उत्तर येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती हाक जवळजवळ येऊ लागली, आणि थांबणं कमी होत गेलं.

त्यानं मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, गोळ्यांनी मळमळतं, पोट दुखतं, तोंड कडू होतं. घाबरू नको, पण रक्त दिसलं तर तडक दवाखाना.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास रक्त दिसलं.

८

शेजारच्या ताराचंदचा ऑटो होता. गोपिकाबाई बेभान झाल्या होत्या. त्यांना शेजारणीजवळ ठेवून साहिलनं अंकिताला उचललं. ती इतकी वाकली होती, की तिचं कपाळ गुडघ्याला लागत होतं. साडीवर मागं डाग होता. आंजीहून वर्धा अर्ध्या तासाचं, ताराचंदनं वीस मिनिटांत शहर गाठलं.

"दादा, आतून खाऊन राह्यलं," ती म्हणत होती. "आतून खाऊन राह्यलं रे."

"आलाच दवाखाना. आलाच."

शहरात शिरतानाच फोन वाजला. मुकेश.

"निंघाले का?" मुकेश म्हणाला. तिची तब्येत बिघडली, हे त्या घरी कोणीही कळवलं नव्हतं.

"जवाईबुवा, अंकिताले..."

फोन रुख्माबाईंनी घेतला. आवाज शांत होता. "डबा फेकला ना, बापू?"

साहिलनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जाऊ द्या. फोन तिच्या पोटाले लावा."

"काकूजी, हे दवाखान्याचं..."

"लावा."

त्यानं लावला. कारण अंकितानंच त्याचा हात ओढून पोटाशी नेला. फोनमधून आधी खरखर आली, मग ती लांबट, ओली गुडगुड. एक. दुसरी. तिसरी. आणि तिच्या पोटानं चौथी दिली. अंकिताची आवळलेली मूठ सुटली. तिनं मान मागं टाकून श्वास घेतला, पोहताना डोकं पाण्याबाहेर काढून घ्यावा तसा. दोन मिनिटं, तीन मिनिटं. चौकातला सिग्नल लागला होता. मग फोनच्या आवाजानं भागेना; तिचं शरीर पुन्हा धनुष्यासारखं वाकलं आणि तिच्या तोंडून निघालेली किंकाळी ऐकून शेजारचा ट्रकवाला खिडकीतून डोकावला.

"साहिल, सांग लवकर," ताराचंद म्हणाला. "सरळ घेऊ ना दवाखान्यात? पाच मिनिटं लागतीन."

पाच मिनिटं. तिथं डॉक्टर होते, सलाईन होतं, भानावर असलेली माणसं होती. समीक्षा मॅडम असत्या तर त्यांनी त्याला थोबाडीत देऊन सरळ पाठवलं असतं. गोळ्या आत्ता कुठं लागू पडायला लागल्या असतील, हेही त्याला कळत होतं. बाप दीड वर्ष अशाच एका दवाखान्यात जात-येत होता, तिथं दर वेळी नवीन गोळी मिळायची, हेही त्याला कळत होतं. कारंज्याची काजलसुद्धा डॉक्टरांच्याच हाताखाली गेली होती. आणि आत्ता, त्याच्या डोळ्यांदेखत, तीन मिनिटं बहीण सुखानं श्वास घेत होती, ती कशानं, ते त्यानं स्वतःच्या हातात धरलेलं होतं.

"पुलगाव रोड," तो म्हणाला.

"पागल झाला का? पाऊन तास लागते!"

"पुलगाव रोड घे, ताराचंददादा. पाया पडतो."

९

वाटेत तिचा आवाज गेला. देवळीच्या पुढं तिनं कण्हणंही सोडलं. साहिल तिच्या नाकाशी बोट धरून बसला होता. ऑटो वावरात शिरला तेव्हा तिघं ओट्यावर उभे होते, सकाळपासून उभे असल्यासारखे. मुकेशनं तिला उचललं. नवरा आजारी बायकोला उचलतो तसं नाही. तिचं पोट आपल्या पोटाला चिकटेल असं, समोरून.

तिघं तिला घेऊन स्वयंपाकघरात गेले. "तुमी बाहीर राहा, बापू," रुख्माबाई म्हणाल्या. ताराचंद ऑटोजवळ तोंडावर पाणी मारत होता. साहिल ओट्यावर राहिला. पाच मिनिटं राहिला असेल. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. रडणं नाही, धावपळ नाही, भांड्याचा आवाज नाही. मग त्याला राहवेना. दार लोटलेलं होतं, वीतभर उघडं.

आत उजेड फार नव्हता. फरशीवर अंकिता उताणी होती, आणि ते तिघं तिला लागून आडवे झाले होते. ऊब घ्यायला कुत्रीला पिलं बिलगावीत तसे. पदर, सदरे, बनियन वर सारलेले. म्हाताऱ्याचं सैल पोट, बाईचं, तरण्या माणसाचं, तिन्ही तिच्या उघड्या पोटाला भिडलेली. कोणी कोणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. तोंडं बाजूला पडलेली होती, काढून ठेवलेल्या वस्तूंसारखी. फक्त पोटं जागी होती. जिथं कातडीला कातडी लागली होती, तिथं खालून काहीतरी सावकाश सरकलं. श्वासाची हालचाल नव्हती ती; श्वास त्या वेळी कोणाचाच चालला नव्हता. ते डावीकडून उजवीकडं, एका पोटातून दुसऱ्याकडं, तिसऱ्याकडं गेलं, आणि प्रत्येक पोट त्याला वाट द्यावी तसं थोडं दबलं. अंकिताच्या पोटाशी येऊन ते थांबलं.

तिच्या पायाचा अंगठा हलला. मग छाती. तिनं एक लांब श्वास आत घेतला. बाकीच्या तिघांनीही घेतला, त्याच क्षणी.

बहीण वाचली होती. साहिलच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याला आत धावत जाऊन तिचा हात धरायचा होता. त्यानं दारावर हात ठेवला आणि हलक्यानं हाक मारली.

"अंकिता?"

चार तोंडं दाराकडं वळली.

"बरं वाटते," असं उत्तर आलं. मऊ, समाधानाचं, एका दमात. चौघांचे ओठ हलले होते.

साहिल उभाच राहिला. तो आवाज त्यानं मनातल्या मनात पुन्हा ऐकला. त्यात म्हाताऱ्याचा घोगरेपणा होता, बाईची धार होती, मुकेशचा रुबाब होता. दार बडवणाऱ्या आईला आतून गाणं ऐकवणारा एक आवाज तो त्यात शोधत राहिला. पुन्हा शोधला. तो सापडेना.

"दार लावून घ्या, बापू," आतून कोणीतरी म्हणालं. "हवा लागते."

ताराचंद मागून विचारत होता, "काय झालं? कशी आहे पोरगी?"

"बरी आहे," साहिल म्हणाला, आणि दोन्ही हातांनी, आवाज होणार नाही असं, त्यानं दार ओढून घेतलं.